नाव नको, काम सांगा

नोकरी सुटून तीन वर्षं झाली तरी मला एका जागी बसवत नाही. लालबागच्या घरातून सकाळपासून दोनदा जिना उतरतो, नाक्यापर्यंत जातो, परत येतो. बायको विचारते, "काय राहिलं?" काही राहिलेलं नसतं. आयुष्यभर शोधायचं काम केलं. आता शोधायला काही नाही, हे पायांना कुणी सांगितलेलं नाही. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकबाई मागे लागल्या तेव्हा म्हटलं, चला, निदान दोन तास खुर्चीत बसणं होईल. एवढं लिहीपर्यंत चारदा उठलोय.

मी कंप्युटरवाला. पण व्हायरस काढून देणारा, माउस बदलून देणारा तसला नव्हे. युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टीम सांभाळणारा, आणि शेवटची कितीतरी वर्षं लिनक्स. बाहेरच्यांसाठी सांगतो. या सिस्टीमवर एखादा प्रोग्राम हवा असला तर बाजारात जायचं नसतं. इंटरनेटवर एक भलंमोठं कोठार असतं, त्यात हजारो प्रोग्राम पुडकी बांधून ठेवलेले. पुडक्याला म्हणायचं पॅकेज. नाव टाइप केलं की पुडकं येतं, त्याला लागणारी बाकीची पुडकी मागोमाग येतात आणि जिथल्या तिथे बसतात. फुकट. मेख एवढीच की नाव माहीत पाहिजे. आणि नावं ठेवणारे कोण, तर जगभरचे प्रोग्रामर, स्वतःच्याच विनोदावर हसणारे लोक. पुडक्यात पाच हत्यारं कोंबायची आणि वर सहावंच नाव लिहायचं, ही त्यांची रीत. तुम्ही शोधताय हातोडी, आणि ती असते 'किरकोळ' नावाच्या पुडक्यात तळाशी.

मला याचं नवल वाटलं नाही, कारण त्याआधी मी गिरणीच्या स्टोअर खात्यात होतो. तिथेही हेच. एकाच पट्ट्याला साचेखात्यात, म्हणजे मागांवर, एक नाव, बॉयलरवर दुसरं, आणि आमच्या रजिस्टरात तिसरंच, इंग्रजीत. आमचे हेड स्टोअरकीपर सांगायचे, "नाव विचारत बसू नकोस, कुठे लावणार ते विचार." मग संप झाला. रीतसर मिटला असं कधी झालंच नाही, नुसता विरत गेला, आणि त्याच्याबरोबर आम्हीही. दादरच्या एका क्लासात मी कंप्युटर शिकलो. वर्गात सगळ्यात म्हातारा मीच, वय वर्षं सत्तावीस. पुढे फोर्टात एका जहाजवाल्यांच्या कचेरीत चिकटलो आणि बाहेरची कामंही करायला लागलो. हेड स्टोअरकीपरांचं वाक्य मी तसंच उचललं. गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: नाव नको, काम सांगा.

माटुंग्याचे एक निवृत्त प्राध्यापक होते. म्हणाले, "ते निळं असतं ना, ते बसवून द्या." मी विचारलं, काय काम करतं ते? तर म्हणतात, "ते मला कळलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" दोन तास मी पुडकी उतरवतोय आणि ते मान हलवतायत. शेवटी निघालं काय, तर नातीच्या कंप्युटरवर कोपऱ्यात घड्याळ दिसायचं, ते हवं होतं. घड्याळ बसवल्यावर त्यांनी ते आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितलं आणि मगच मला चहा विचारला.

माझा दोष म्हणजे घाई. गिरगावात वाईकरांची छापखान्याची एक खोली होती. त्यांना मराठीचा एक टंक हवा होता म्हणून मी एक पुडकं मागवलं. सिस्टीम अशा वेळी विचारते, हे बसवताना अमुक अमुक काढून टाकावं लागेल, चालेल का? खाली यादी देते. शहाणा माणूस यादी वाचतो. मी वाय, म्हणजे 'हो', दाबला. काढून टाकायच्या यादीत प्रिंटर चालवणारं अख्खं बिऱ्हाड होतं. लग्नसराई तोंडावर आणि छापखान्यात छपाई बंद. वाईकर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते समोर स्टूल ओढून बसले आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द न बोलता माझ्याकडे बघत राहिले. तेव्हापासून वाय दाबण्याआधी यादी वाचायची शपथ घेतली. कंप्युटरच्या बाबतीत ती पाळलीसुद्धा.

आता जे सांगायचंय ते सांगतो. इतका वेळ टाळत होतो.

गिरण्या पडल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले, आणि मग बऱ्याच वर्षांनी ठरलं की जुन्या कामगारांना घरं द्यायची. अर्ज करा, सोडतीत नाव निघालं तर खोली. अट एक: संप सुरू झाला तेव्हा तुम्ही गिरणीत होता याचा पुरावा. पुरावा कुठून आणायचा? कुणाचा गिरणीचा पास गावच्या घरात वाळवीनं खाल्लेला, कुणाचा चाळीतल्या आगीत गेलेला. आमच्या गिरणीची हजेरीची रजिस्टरं तर भंगारात गेली होती.

काळाचौकीला आमचा कदम होता, गिरणी कामगारांच्या मंडळाचा सेक्रेटरी, मूळचा साचेखात्यातला. मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात तो माझ्याकडे फ्लॉपींचा डबा घेऊन आला. गिरणी बंद पडल्यावर मालकांनी हिशेब मिटवायला कंप्युटर घेतला होता आणि जुनी हजेरी त्यात भरली होती. तिथल्या एका कारकुनानं एक प्रत घरी ठेवली होती, ती त्याच्या मुलानं कदमाला दिली.

"सावंत, ह्यात आपली अख्खी गिरणी आहे," कदम म्हणाला. "पण उघडत नाय रे. चार पोरांना दाखवली. सगळी बोलतात, कचरा आहे."

मी उघडून बघितली. ओळीमागून ओळी नुसती अक्षरांची मिसळ, आणि प्रत्येक ओळ इंग्रजी एमनं सुरू होणारी. मी ओळखलं. पूर्वी टेलिफोनच्या तारेवरून डेटा तसाच पाठवता यायचा नाही, म्हणून तो साध्या अक्षरांत बांधून पाठवायचे. ही ती बांधणी. सोडवायचा हुकूम मला पाठ होता, यूयूडिकोड. जुन्या प्रत्येक युनिक्सवर तो असायचाच. टाइप केला, तर माझी नवी मशीन म्हणते, असं काही नाही. कोठारात त्या नावाचं पुडकं शोधलं, तेही नाही. कदम मागे उभा राहून माझ्या मानेवर श्वास सोडतोय. मग डोकं चाललं. पुडक्याच्या नावानं शोधायचं सोडलं आणि उलटं विचारलं: ज्याच्या पोटात ही फाइल आहे असं पुडकं कोणतं? क्षणात उत्तर आलं. शारयुटिल्स. आता या नावावरून कुणाला काय कळणार? पण आत नेमकं तेच हत्यार होतं. यादी वाचली, मग वाय दाबला. दहा मिनिटांत पडद्यावर गिरणी उभी राहिली. कामगाराचा तिकीट नंबर, नाव, खातं, हजेरीचे दिवस आणि शेवटी एक आकडा. कदमानं आपलं नाव शोधलं, पडद्यावर बोट टेकवलं आणि बराच वेळ ते काढलं नाही.

दोन फाइली होत्या, एक मोठी, एक छोटी. छोटीत नुसते आकडे आणि नावं, ना खातं ना दिवस. टायपिस्टनं हात साफ करायला केली असेल म्हणून मी ती बाजूला ठेवली. मोठीतल्या शेवटच्या आकड्याबद्दल म्हटलं, मशीनचा नंबर असेल.

कचेरीतून रजा टाकून सोमवारपासून मी मंडळाच्या खोलीत टेबल लावलं. शनिवारी पाचला अर्जाची खिडकी बंद होणार होती. बाहेर रांग. मी मोठ्या फाइलीत शोधणारा चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला होता. नाव टाकायचं. सापडलं तर कागद छापून येणार, माझ्या वहीत नोंद, माणसाची सही. नाही सापडलं तर पडद्यावर काहीच येणार नाही. मग मी म्हणायचं, "नाव नाही." लोक उठून जायचे. काही भांडायचे, काही मशीनला हात जोडायचे. मी पुढचं नाव विचारायचो. खरं सांगतो, मजा येत होती मला. इतक्या वर्षांनी सगळी गिरणी माझ्या खिडकीशी येऊन उभी होती.

बुधवारी अनसूया तांबे आल्या. साठीच्या पुढच्या, नवरा नाही, भाच्याच्या खोलीबाहेर गॅलरीत झोपायच्या. मला हे नंतर कळलं, तेव्हा मी विचारलं नव्हतं.

"मावशी, नाव?"

"अनसूया. वायंडिंगला होते मी, सूत गुंडाळायला. सावित्रीच्या..."

"आडनाव?"

"तांबे. पण कसा झाला माहित्येय, आमी सकाळी गेटवर..."

"एक मिनिट मावशी." मी टाइप करत होतो. पडदा कोरा. आडनाव काढून बघितलं, कोरा. नवऱ्याच्या नावानं बघितलं, तरी कोरा. "तुमचं नाव नाही यात."

"नाय तर नाय," म्हणाल्या. "उगाच तुमका तरास." पदर सावरून निघाल्या. मी पुढच्याला बोलावलं.

गुरुवारी सकाळी सावित्री गावडे आल्या, तोंडाला रुमाल, दोन शब्दांमागे एक खोकला. नाव टाकल्याबरोबर सापडलं. कागद छापला, सही घेतली. उठता उठता त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"हा शेवटचा आकडा कसला रे बाबा?"

"मशीनचा नंबर."

"मशीनचा कसला? मी कधी एका मशीनवर राहिले? हा माझ्या बदलीचा नंबर, पगाराच्या दिवशी किती वेळा ऐकलेला. अनसूया. मला खोकला लागला, मी घरी बसले, की माझ्या नंबरावर ती चढायची. महिन्यातून पंधरा दिवस तीच." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गिरणीत होतास ना रे तू?"

होतो. पण चिकटलो तो कायम म्हणून, वडिलांच्या वशिल्यानं, स्टोअरच्या पंख्याखाली. बदलीवाले पहाटे गेटशी उभे राहायचे. कायमचा कुणी आला नाही की त्याच्या जागी त्यांच्यातल्या एकाला आत घ्यायचे, बाकीचे परत. मी रोज त्यांच्या मधून वाट काढत आत जायचो. काम त्यांनी केलं, हजेरीची ओळ मात्र कायमवाल्याच्या नावाची. त्यांची ओळख म्हणजे त्या ओळीच्या टोकाला एक आकडा.

छोटी फाइल उघडली. आकडा टाकला. समोर आलं, अनसूया तांबे. बदलीवाल्यांनाही घर मिळणार होतं, अटीत तसं लिहिलेलं होतं. दोन्ही फाइली जोडून दाखवल्या की पुरावा पक्का. आदल्या आठवड्यात मशीनला मी विचारलं होतं, हे हत्यार कुणाच्या पोटात आहे? आणि बुधवारी एक बाई समोर बसून तेच तोंडानं सांगत होती, मी कुणाच्या नंबरात आहे ते, तर मी तिला एक मिनिट थांबवलं.

"कुठे भेटतील त्या?"

"धक्क्यावर. कोळंबी सोलते दुपारपर्यंत."

कदमाला टेबलावर बसवलं आणि टॅक्सी करून माझगावला भाऊच्या धक्क्यावर गेलो. तिथे बर्फाच्या पाण्यात पाय आणि समोर बायकाच बायका, सगळ्यांच्या माना खाली. मी अनसूया तांबे, अनसूया तांबे करत फिरतोय. एका कोळणीनं मला दोनदा जाऊ दिलं, तिसऱ्यांदा टोपलीनं वाट अडवली.

"कोनाला शोधतोस? नाव घेऊन काय फिरतोस, हितं नावानं कोन वळखतंय? करते काय ती?"

"कोळंबी सोलते."

"सगल्याच सोलतात. आनि?"

आणि काय, मला माहीत नव्हतं. "गिरणीत होती," म्हटलं. "वायंडिंगला."

"मंग असा बोल ना. जिची बोटं लय झरझर चालतात ती?" तिनं हनुवटीनं खांबाकडे दाखवलं.

अनसूयाबाईंनी मला ओळखलं, पण हात थांबवले नाहीत. मी कागद पुढे धरला. तुमचं नाव आहे, सावित्रीबाईंच्या नंबरात आहे, काल माझं चुकलं, मी तुमचं ऐकून घेतलं नाही, असं सगळं एका दमात बोललो. त्या पदराला हात पुसत राहिल्या, कोरडे झाल्यावरसुद्धा. मग कागद घेतला.

"खंय आसा?"

मी बोट ठेवलं.

"एवढा बारीक," त्या म्हणाल्या. मग, "सावित्री आजारी पडली काय माझी चूल पेटायची. माका लाज वाटायची. तिका वाटायचा, मी तिच्या खोकल्याची वाट बघतंय." डोळे भरून आले होते, पण कोळंबीचे हात डोळ्यांना लावता येईनात. "काम केला मी. भाचो म्हणता, तू कधी गिरणीत होतीस? आता दाखवतंय त्याका."

उद्या सकाळी फोटो आणि अंगठा द्यायला या, असं सांगून मी निघालो. मोठं काम फत्ते केल्यासारखा, अंगात वारा भरलेला. दहा पावलं गेलो असेन, मागून हाक आली.

"ओ कंप्युटरवाले. आणि तो टोपीवालो? काल माझ्या पुढे होतो, छत्रीवालो. त्याका पण नाय म्हणालात. तो पण बदलीच होतो, गेटवर बघितलंय मी त्याका. बिचारो उठलो आणि गेलो."

मी तिथेच उभा राहिलो. सोमवार, मंगळवार, बुधवार. किती जणांना नाही म्हणालो होतो? ते कोण होते? सापडलेल्यांची नोंद वहीत होती, सह्यांसकट. न सापडलेल्यांचं एकही नाव कुठे लिहिलेलं नव्हतं. प्रोग्राम त्यांचं नाव घ्यायचा, शोधायचा आणि टाकून द्यायचा. तो प्रोग्राम मीच लिहिला होता, चांगला सुटसुटीत.

धावत परत आलो. कदमानं छोट्या फाइलीतली सगळी नावं छापली आणि शुक्रवारी दिवसभर मंडळाच्या स्पीकरवरून वाचली. लालबाग, परळ, काळाचौकी, टॅक्सीवर कर्णा बांधून फिरला. घसा बसला त्याचा. लोक आले. ज्यांना मी परत पाठवलं होतं त्यांतले बरेच आले आणि कुणी मला टाकून बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं. प्रत्येकाला म्हटलं, बसा, आधी सांगा कुणाच्या जागी चढायचात, कुठे उभे राहायचात. शनिवारी खिडकी बंद होईपर्यंत तेच चाललं होतं. अनसूयाबाईंचा अर्ज त्यात होता. खोली मिळायला पुढे फार वर्षं गेली, पण मिळाली, आणि भाचा आता त्यांच्याकडे राहतो.

टोपीवाला आला नाही. मी रांगेत प्रत्येक डोक्याकडे बघत होतो. त्याची टोपी आठवते, दांडीला दोरा गुंडाळलेली छत्री आठवते, खुर्चीत बसण्याआधी त्यानं खुर्ची हातानं झटकली होती ती आठवते. त्यानं नाव सांगितलं होतं. मी माझ्या या बोटांनी ते टाइप केलं होतं.

ती छोटी फाइल अजून माझ्याकडे आहे. वरून खाली वाचतो, खालून वर वाचतो. त्यातलं एक नाव त्याचं आहे. कुठलं, ते सापडत नाही.